गंगाळाच्या बुडातला चंद्र

पांढुर्ण्यात ड्रॉइंग मास्तर म्हणजे शाळेतला सर्वांत रिकामा माणूस, असं गावाचं पक्कं मत होतं, आणि ते खोटं पाडावं म्हणून मनोहर बेलखेडेनं कधी बोटही हलवलं नाही. गणिताच्या सरांचा कोर्स मागं पडला की ते ड्रॉइंगचा तास मागून न्यायचे. इंग्रजीच्या सरांचा पडला की तेही न्यायचे. मनोहर तास देऊन टाकायचा आणि व्हरांड्यात उभा राहून समोरच्या कडुनिंबाच्या सालीवरच्या भेगा बघत राहायचा. सौंसरला पहिली नोकरी लागली तेव्हाही हेच, आणि बदली होऊन घरच्या गावी आला तेव्हाही हेच.

नागपूरच्या चित्रकलेच्या कॉलेजात असताना त्याला एचिंगचं वेड लागलं होतं आणि ते काही केल्या उतरत नव्हतं. एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर मेण आणि राळेचा थर द्यायचा, त्यावर दाभणानं चित्र खरवडायचं आणि पत्रा तेजाबात बुडवायचा. जिथं मेण गेलं तिथं तेजाब तांबं खातं. मग त्या खाल्लेल्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओला कागद ठेवायचा आणि सगळं दोन जड रुळांमधून दाबून काढायचं. एवढा कुटाणा करून जे निघतं ते पेन्सिलीनं चहा होईस्तोवर निघालं असतं, असं बापूजींचं म्हणणं होतं. बापूजी म्हणजे मनोहरचे वडील. संत्र्याची बाग राखलेला, साठी ओलांडलेला, दंड अजून मुसळासारखे असलेला माणूस.

पण मनोहरचं घोडं पेन्सिलीवर अडत नव्हतं, रेघेवर अडत होतं. त्याचा एक सिद्धांत होता आणि तो ऐकून घेणारं गावात कुणी उरलं नव्हतं. देखाव्याचा मूड झाडात नसतो, डोंगरात नसतो, रेघेत असतो, असं तो म्हणायचा. आडवी रेघ झोपलेली असते. उभी रेघ पहाऱ्यावर असते. तिरपी रेघ भांडायला निघालेली असते. रेघांवर रेघा टाकून जाळी केली की हवा जड होते, जाळी जितकी दाट तितका जीव घुसमटतो. एकदा त्यानं आठवीच्या वर्गाला नुसत्या आडव्या रेघांनी चित्र काढायला लावलं. एकानं गोटमार काढली. त्या चित्रात दोन्ही गावं एकमेकांसमोर गोटे घेऊन गाढ झोपली होती. मनोहरला इतका आनंद झाला की तो ते चित्र घेऊन हेडमास्तरांकडे धावला, आणि हेडमास्तरांनी त्याला बोर्डाच्या परीक्षेची कपाटं मोजायला बसवलं.

गोटमार ठाऊक नसणाऱ्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि अलीकडून पांढुर्णा अन् पलीकडून सावरगाव असे, तो झेंडा कोणी काढून नेईपर्यंत, दिवसभर एकमेकांना गोटे हाणतात. कायले, म्हणून विचारू नये. आजोबा हाणायचे म्हणून बाप हाणतो. डोकी फुटतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच डोकी पट्ट्या बांधून एका टपरीवर चहा पितात.

मनोहरची बायको उर्मिला सावरगावची. तिचं माहेर नदीच्या अगदी काठावर, पलीकडे. अंगणात उभं राहून हाक मारली तर अलीकडे ऐकू यावी इतकं जवळ. बोलायला कमी, पण बोलली की समोरच्यानं मुकाट्यानं ताट उचलावं अशी बाई. लग्नात तिच्या आईनं, अंबाबाईनं, एक तांब्याचं गंगाळ दिलं होतं. जाड, दोन कड्यांचं, चार पिढ्यांनी अंघोळीचं पाणी काढलेलं. त्याच्या बुडाला एक मोठा पोचा होता. नव्या सुनेच्या सामानात पोचा आलेलं भांडं बघून आळीतल्या बायकांनी नाकं मुरडली होती. मनोहरनंही तेव्हा म्हटलं होतं, तांबटाकडे देऊन ठोकून आणू. उर्मिला नको म्हणाली आणि तो पोचा कसा पडला ते सांगायला बसली. हा पेन्सिलीला टोक करत होता. हाव हाव, म्हणजे हो हो, करत राहिला. टोक झालं, गोष्टही संपली, आणि याला विचाराल तर यानं फक्त टोक ऐकलं होतं.

पुढं अंबाबाई गेली. घरात प्लास्टिकच्या बादल्या आल्या, गंगाळ माळ्यावर गेलं. वर्षातून एकदा, धनत्रयोदशीसाठी उर्मिला ते खाली काढायची, चिंच लावून घासायची, पुजायची, नरकचतुर्दशीच्या अंघोळी त्यातून व्हायच्या आणि ते पुन्हा वर जायचं. मनोहरच्या दृष्टीनं बाकीचं वर्षभर ते गंगाळ म्हणजे माळ्यावर फुकट झोपलेलं तांबं होतं.

आता तांब्याचीच तर त्याला मारामार होती. पांढुर्ण्यात एचिंगसाठी तांब्याचा पत्रा मिळेना. नागपूरहून मागवतो म्हटलं की बापूजी विचारायचे, तांब्याचा पत्रा काहून लागते बावा, गोठ्याच्या छपराले टाकतो काय. असं करता करता कॉलेज सोडून बारा वर्षं झाली, आणि साहेबांच्या नावावर एकही एचिंग नाही. नागपूरला दिवाळीच्या तोंडावर मोठं प्रदर्शन भरणार आहे ही बातमी त्याला शहाऐंशीच्या श्रावणात लागली आणि त्याची झोप उडाली.

पोळ्याला उर्मिला माहेरी जायची. दरसालचं होतं ते. तीन वर्षांच्या जयश्रीला कडेवर घ्यायची आणि नदी ओलांडून जायची ती गौरी-गणपतीपर्यंत. जायच्या आदल्या दिवशी जेवताना बापूजींची गोष्ट व्हायची, हेही दरसालचं. पोळा आला तरी जाम नदीला पाणी नव्हतं त्या सालची. बापूजी कोरड्या पात्रात पार मधापर्यंत गेले होते, आणि तिथून त्यांनी हाणलेला गोटा पळसावरून, झेंड्यावरून, सगळ्या सावरगावकरांच्या डोक्यावरून गेला तो थेट काठावरच्या घरांत. असा गोटा ना कोणी पाह्यला ना पुढं कोणी पाहील. गोष्ट संपली की ते सुनेकडे बघून हसायचे आणि म्हणायचे, तुह्याच माहेरच्या कवेलूवर पडला असन, पाह्य. उर्मिला त्यांच्या ताटात भाजी वाढायची आणि आत निघून जायची. सुनेला गंमत कळत नाही, असं बापूजींचं मत झालं होतं.

त्या वर्षी गोटमार झाली, पट्ट्या बांधून झाल्या, आणि नदीचं पात्र रिकामं झालं. मनोहर संध्याकाळी अलीकडच्या काठावर जाऊन बसला. पलीकडे सावरगावची घरं, कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, उतरत्या ओळी, खाली पाण्याची संथ पट्टी. आदल्या दिवशी इथं माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती, आणि आता एक म्हैस पाण्यात बसून रवंथ करत होती. त्याला एकदम ते चित्र दिसलं. सगळ्या रेघा आडव्या. पाणी आडवं, काठ आडवा, घरं बसकी. आभाळात तर रेघच नाही, नुसतं कोरं, शांत आभाळ. गोटमारीच्या नदीचं शांत चित्र. घरी आला, दिवा घेऊन माळ्यावर चढला आणि गंगाळाच्या बुडावर बोटानं टिचकी मारली. तांबं खणखणीत होतं.

त्यानं स्वतःची समजूत कशी घातली तेही सांगतो, कारण नवऱ्यांच्या समजुती ऐकण्यासारख्या असतात. चित्र उर्मिलाच्या माहेरचं. तांबंही उर्मिलाच्या माहेरचं. ते नागपूरच्या प्रदर्शनात लागलं म्हणजे सासूबाईंच्या गंगाळाचं सोनं झालं. उर्मिला आधी रागावेल, मग रडेल, मग हसेल. फक्त तिला कळायच्या आत चित्र प्रदर्शनात लागलं पाहिजे. म्हणजे धनत्रयोदशीच्या आत. नाही लागलं तर? तर उर्मिला जयश्रीला कडेवर घेईल आणि नदी ओलांडून जाईल ती पोळ्यासाठी नव्हे. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरीही त्यानं छिन्नी उचलली.

बसस्टँडजवळ वामनची रसवंती होती. पावसाळ्यात ती बंद असायची आणि उसाचा चरखा पोत्यात गुंडाळून पडलेला असायचा. वामन शाळेत मनोहरच्या मागच्या बाकावर बसायचा, त्यामुळे त्याला कशाचंच नवल वाटत नसे. दोघांनी मिळून गंगाळाचं बूड कापून काढलं. वर राहिलं ते दोन कड्यांचं नुसतं कडं, ते मनोहरनं तसंच माळ्यावर नेऊन ठेवलं. बूड लोहाराच्या भट्टीत लाल केलं, पाण्यात विझवलं, ऐरणीवर ठेवून सपाट केलं. त्या पोच्यानं मात्र दम काढला. इकडून ठोकला की तिकडून फुगायचा. शेवटी बसला एकदाचा. मग काचकागद, मग कोळशाची पूड, आणि पत्रा असा झाला की वामननं त्यात बघून केस विंचरले.

चित्र कोरायला त्याला पंधरवडा लागला. शाळेत आता तो तास आनंदानं वाटत सुटला होता. तेजाब सोनाराकडून आणलं, शाई लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून, शाई पुसायला बापूजींचं जुनं धोतर. छपाईसाठी चरख्यावर दोन लोखंडी पत्रे घातले, त्यांच्या मध्ये घोंगडी, घोंगडीखाली कागद आणि तांबं, आणि वामननं चाक फिरवलं. पहिल्या कागदावर चित्र कमी आणि गोडवा जास्त उतरला. चरख्याच्या फटीतला मागच्या मोसमातला रस ओल्या कागदानं पिऊन घेतला होता. सुकायला टाकलेल्या देखाव्यावर सकाळी मुंग्यांची अशी रांग लागली होती की सावरगावला जत्रा भरल्यासारखं दिसत होतं. चरखा गरम पाण्यानं धुऊन काढला आणि दुसरा कागद टाकला.

दुसरा निघाला तो बघून मनोहरच्या अंगावर काटा आला. पाणी खरंच झोपलं होतं. घरांच्या अंधाराची जाळी बरोबर जमली होती, काठाच्या कडेची रेघ तेजाबानं थोडी कुरतडून मऊ केली होती. हातानं नसतं जमलं ते तांब्यानं केलं होतं. फक्त आभाळात एक डाग होता. एका घराच्या बरोबर वर, कवेलूंपासून चारेक बोटं उंच, एक करडा, खडबडीत, गोल डाग. तिथं तर त्यानं एक रेघ मारली नव्हती. मग त्याच्या लक्षात आलं की तो पोचा होता. वरून बसला होता, पण तांबं तिथं ताणलं गेलं होतं, खरखरीत झालं होतं, आणि त्या खरखरीत शाई अडकत होती. किती पुसली तरी डाग जाईना.

जाऊ दे म्हणून त्यानं चित्र रसवंतीच्या भिंतीला लावलं आणि तिथंच फसला. चहावाला आला, म्हणाला, वा, गोटमार काढली. मनोहरनं विचारलं, यात माणूस तरी आहे का एक. चहावाला म्हणाला, माणसं नाहीत, पण गोटा आहे ना वर. बसचा कंडक्टर आला, त्यानं डागाकडे बघितलं आणि मान थोडी खाली घेतली. गणिताचे सर आले, म्हणाले, कोणत्या बाजूचा आहे गोटा, आपला का त्यांचा. सगळ्या रेघा आडव्या आहेत, नदी झोपली आहे, हे शांततेचं चित्र आहे, असं मनोहर सांगत सुटला आणि लोक डागाकडे बघत उभे राहिले. एवढ्या शांत चित्रात तो एकच गोटा बघून आपल्याला कसंतरी होतं, असं वामन म्हणाला. मनोहर त्याच्यावर उखडला. बारा वर्षांचा सिद्धांत एका पोच्यानं बुडवला होता, आणि तोही बायकोच्या गंगाळाच्या.

मग त्यानं जे केलं ते ड्रॉइंग मास्तरच करू जाणे. डाग जात नाही तर त्याचा चंद्र करू, असं ठरवलं. पत्र्यावर पुन्हा मेण चढवलं आणि डागाभोवती बारीक बारीक किरणांचं कडं कोरलं. चंद्र छान उगवला. चहावाल्यानंही मान्य केलं की हो, आता पौर्णिमा वाटते. तो छाप मनोहरनं नागपूरला पाठवला.

इकडे उर्मिला परत आली होती. तिनं माळ्याकडे पाहिलंही नाही, कारण पाहायचं कारण नव्हतं. पण ती स्वयंपाकघरातला स्टूल हलवायची आणि मनोहर ताटावरून उठून तो धरायला धावायचा. नवरात्र गेलं, दसरा गेला. तो तिच्याशी इतका गोड वागायला लागला की तिला संशय आला, याची पुन्हा सौंसरला बदली झाली असावी.

आणि चित्र निवडलं गेलं. मनोहर नागपूरला जाऊन डोळ्यांनी बघून आला. हॉलच्या शेवटी, जिन्याखाली, पण काचेच्या फ्रेममध्ये, खाली नावासकट. एक चष्मेवाले गृहस्थ समोर थांबून म्हणाले की रात्र फार शांत उतरली आहे. मनोहरला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. परतीच्या पॅसेंजरमध्ये तो एक छाप गुंडाळीत धरून बसला आणि उर्मिलाला काय सांगायचं ते मनात घोटत राहिला. आधी प्रदर्शन सांगायचं, मग माहेरचा देखावा दाखवायचा, मग हळूच तांब्यावर यायचं. पांढुर्णा आलं तरी त्याची सुरुवात ठरत नव्हती.

धनत्रयोदशी दुसऱ्या दिवशी होती. म्हणजे चिंच आज भिजत घालायची असते आणि भांडी आज उतरवायची असतात, एवढं त्याला नऊ वर्षं संसार करून माहीत नव्हतं. तो घरात शिरला तेव्हा ओसरीत बापूजी अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते, आणि मधोमध, पाटावर, गंगाळाचं बिनबुडाचं कडं ठेवलं होतं. दोन्ही कड्या राखेनं घासून लखलखीत केलेल्या. जयश्री त्यातून डोकं घालून आरपार निघत होती. उर्मिला खांबाला टेकून उभी होती.

घोटलेलं सगळं भाषण कुठल्या कुठं गेलं. मनोहरनं मुकाट्यानं गुंडाळी सोडली आणि चित्र तिच्यासमोर धरलं. तुझ्या माहेरचं आहे, नागपूरला लागलं आहे, गंगाळाचंच आहे, असं काहीतरी तो पुटपुटला. उर्मिला चित्राकडे बघत होती. घर तिनं ओळखलं, कारण तिचं बोट कवेलूंवरून फिरलं. मग ते वर गेलं आणि चंद्रावर थांबलं.

"हे काय होय?"

"चंद्र."

बापूजींनी अडकित्ता थांबवून मान लांब केली आणि पारखून बघितलं. त्यांची नजर अजून पक्की होती, आणि किरणांनी ते फसले नाहीत. गोटा आहे, म्हणाले. अन् मस्त उंच गेला आहे, कोणाच्या तरी दंडात ताकद होती.

"हाव मामाजी, गोटाच होय," उर्मिला म्हणाली. "माह्या डोक्यासाठी होता."

मग जी गोष्ट मनोहरनं पेन्सिलीला टोक करताना ऐकली नव्हती ती तिनं पुन्हा सांगितली, आणि या वेळी बापलेक दोघांनीही ऐकली. ती अडीच वर्षांची होती. गोटमारीचा दिवस. आई तिला अंगणात न्हाऊ घालत होती. दरसाल गोटे पाण्यात पडायचे, फार तर काठाला लागायचे, म्हणून कोणाला भ्याव नव्हतं. त्या साली एक कवेलूवर येऊन फुटला. आईनं वर पाहिलं, गंगाळातलं पाणी उपडं केलं आणि रिकामं गंगाळ पोरीवर पालथं घातलं, वरून दोन्ही कड्या दाबून धरल्या. उर्मिलाला यातलं काही आठवत नव्हतं. आठवत होता तो एकदम झालेला अंधार, आणि त्या अंधारात डोक्यावर झालेला आवाज. पुढं तांबट दारावर आला की अंबाबाई त्याला गंगाळाचा पोचा काढू द्यायची नाही. असू दे, म्हणायची.

बापूजी चित्राकडे बघतच होते. कोणतं साल होय ते, असं त्यांनी विचारलं. सहज विचारल्यासारखं, पण अडकित्ता अजून उघडाच होता.

"तुम्ही सांगता नं दरसाल," उर्मिला म्हणाली. "पोळा आला तरी नदीले पाणी नव्हतं. तेच."

जयश्री कड्यातून पुन्हा एकदा आरपार गेली आणि हसली. बापूजी अडकित्ता मिटत म्हणाले, "त्या साली लय जणांनी मारले गोटे."

"हाव," उर्मिला म्हणाली. "लय जणांनी."

एवढंच. ती आरडाओरडा करेल, जयश्रीला उचलून नदी ओलांडेल, या भीतीनं मनोहर अर्धमेला झाला होता. तिनं तसलं काही केलं नाही. तिनं चित्र त्याच्या हातात परत दिलं आणि सांगितलं की डागाभोवतीच्या त्या रेघा पुसून टाका. तो चंद्र नव्हे, त्याच्याभोवती उजेड नव्हता. मनोहरनं सांगून पाहिलं की नागपूरला लोकांना चंद्र फार आवडला. उर्मिला म्हणाली, नागपूरवाल्यांच्या अंगणात पडला होता काय. मग ती चिंच भिजत घालायला आत गेली. त्या वर्षीच्या अंघोळी प्लास्टिकच्या बादलीतून झाल्या, आणि पहिल्या अंघोळीला बोलावलं तेव्हा मनोहरची उटणं मागायची हिंमत झाली नाही.

तांब्यात खाल्लेली रेघ पुसायची म्हणजे आधी ती खरवडायची आणि मग गुळगुळीत दगडानं घोटून घोटून तांबं सपाट करायचं. दिवाळीची सगळी सुट्टी मनोहरनं त्यात घातली. किरण एकेक करून गेले. डागाला मात्र त्यानं हात लावला नाही. मग वामनच्या चरख्यावर नवा छाप काढला. खाली सगळ्या रेघा तशाच आडव्या, पाणी झोपलेलं, घरं बसलेली, आणि त्या सगळ्या झोपेवर, एका अंगणाच्या बरोबर वर, तो गोटा. पडत नाही, जातही नाही. मनोहर त्याच्याकडे बघत बसला आणि त्याला कळलं की आपला सिद्धांत खोटा नव्हता, अर्धा होता. झोपलेल्या रेघांनीच तो गोटा इतका जड केला होता. त्याला मनापासून लाज वाटली आणि त्याच वेळी, मास्तरच तो, चित्र जमलं म्हणून आनंदही झाला. तो छाप उर्मिलानं घेतला. प्रदर्शनाला पाठवू का, असं त्यानं एकदाच विचारलं.

पुढच्या पोळ्याला जेवताना बापूजींनी गोष्ट सांगितली नाही. भाजी चांगली झाली म्हणाले. उर्मिला जयश्रीला घेऊन माहेरी गेली.

गोटमारीच्या सकाळी, पळस रोवून झाला होता आणि दोन्ही काठांवर गोट्यांचे ढीग लागत होते. तेवढ्यात अलीकडच्या काठावरून एक म्हातारा पाण्यात उतरला. धोतर खोचलेलं, मुसळासारखे दंड, आणि डोक्यावर पालथं घातलेलं तांब्याचं गंगाळ. जुनं कडं, नवं बूड. तांबटाकडे ते कधी टाकलं, कधी आणलं, घरात कोणाला पत्ता नव्हता. पांढुर्ण्यातला एके काळचा सर्वांत लांब गोटा मारणारा माणूस गंगाळ घालून नदीतून सावरगावला चालला आहे हे बघून अलीकडचा काठ हसायला लागला, मग पलीकडचाही. बापूजी भ्याले रे, कोणीतरी ओरडलं. कोणी गंमत म्हणून एक बारीक खडा मारला, तो तांब्यावर टणकन वाजला आणि दोन्ही गावं पोट धरून हसली. बापूजी थांबले नाहीत. मनोहर काठावर वही घेऊन बसला होता, पण त्याला एक रेघ ओढवली नाही.

पलीकडे ते उर्मिलाच्या अंगणात चढले. जयश्री पायरीवर खेळत होती. बापूजींनी डोक्यावरचं गंगाळ उतरवलं, तिच्याजवळ जमिनीवर पालथं ठेवलं आणि वरून हात फिरवून पाहिला. नव्या बुडाला पोचा नव्हता. उर्मिला दारात येऊन उभी राहिली होती.

"असू दे इथं," बापूजी म्हणाले. "आज दिवसभर असू दे."

मग ते त्याच पायरीवर नातीच्या बाजूला बसले, आणि संध्याकाळी झेंडा निघेपर्यंत उठले नाहीत.